ट्रेलर ओढायला सेकंडहँड एसयूव्ही कोणती घ्यावी? (नागपूर, बजेट १२ लाखांपर्यंत)

मनीषनगर_नागपूर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळून राहिलं होतं, आता विचारूनच टाकतो. आम्ही एक छोटा ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन राहिलो, कॅराव्हॅन म्हणतात तो, गाडीच्या मागे जोडून न्यायचा, एकाच अ‍ॅक्सलचा, आत चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा आणि कोपऱ्यात टॉयलेट. बनवणाऱ्यानं रिकामं वजन ७५० किलो सांगितलं आहे. घरात आम्ही दोघं, दोन पोट्टे आणि आई. आईचे गुडघे पार गेले आहेत, रात्री उठावं लागते, कुठंही जायचं म्हटलं की पहिला प्रश्न टॉयलेटचा, त्यामुळे ती येतच नाही, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" म्हणते. पेंच इतकं जवळ आहे तरी तिनं पाहिलेलं नाही. हा सगळा खटाटोप तिला सोबत नेता यावं म्हणून आहे.

आता अडचण गाडीची. सध्या स्विफ्ट आहे, तिच्यानं हे होणार नाही ते समजते. जुनी डिझेल एसयूव्ही घ्यायची आहे, बजेट १० लाख, फार ताणलं तं १२. जायचं कुठं तं सिल्लारी (पेंचचं गेट), नवेगावबांध, ताडोब्याची मोहर्ली बाजू, वर्षातून एकदा पचमढी नाही तं चिखलदरा, आणि समृद्धीनं शिर्डी पण आईच्या मनात आहे.

एक्सयूव्ही ५००, हेक्सा, जुनी फॉर्च्युनर ३.०, इनोव्हा क्रिस्टा २.४ आणि स्कॉर्पिओ एवढ्या पाहून झाल्या. डीलर लोक सगळे एकच सांगतात, "साहेब, टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, पाहा, ही तं ट्रक ओढून नेईल." एक्सयूव्ही एकदम चकाचक भेटून राहिली, एकाच मालकाची, मिसेसलाही आवडली आहे, पण मन मानत नाही. ऑटोमॅटिक घ्यावी का मॅन्युअल? आणि मागे हूक लावला तं आरटीओवाले पकडतात का? ज्यांनी खरंच ट्रेलर ओढला आहे त्यांनी सांगा प्लीज, टोकन द्यायच्या आधी.

अमरावतीरोड_७५

भाऊ, टोकन देऊ नका अजून. मी मित्राच्या बोटीचा ट्रेलर आणि नंतर त्याचीच कॅराव्हॅन बरीच ओढली आहे, नागपूरपासून मध्य प्रदेशापर्यंत, त्यावरून सांगतो.

ओढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. आजची कुठलीही डिझेल एसयूव्ही तुमचा ट्रेलर सपाट रस्त्यावर ओढेल. प्रश्न आहे थांबवायचा आणि सरळ ठेवायचा. समोर अचानक गाय आली किंवा बाजूनं ट्रक सुसाट गेला आणि ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला की तेव्हा टॉर्क काही कामाचा नाही, तिथं गाडीचं स्वतःचं वजन, मागचं सस्पेन्शन आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत की नाही एवढंच कामाला येतं. डीलरला याच्यातलं एक विचारून पाहा, काय उत्तर देतो ते.

त्यामुळे आधी गाडी नाही, आधी वजन. ७५० किलो ही रिकाम्या डब्याची गोष्ट झाली. पाण्याची टाकी ६० लिटरची असली तर पाण्याचेच ६० किलो झाले, इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नासच्या वर जाते, एसी लावणार (आणि नागपुरात एप्रिलनंतर लावल्याशिवाय झोपता येणार नाही) त्याचे आणखी पन्नासेक, मग गाद्या, भांडी, गॅस, खुर्च्या, मुलांच्या सायकली, आईंची वॉकर-खुर्ची जे काही असेल ते. हजार किलो कधी झाले कळतही नाही. वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांचे धर्मकाटे आहेत, ट्रेलर ताब्यात आला की पूर्ण भरून, पाण्यासकट, काट्यावर न्या, किरकोळ पैशात पावती भेटते. तो पावतीवरचा आकडा खरा धरा, ब्रोशरमधला नाही. ताबा मिळायला वेळ असेल तर आत्ता १००० धरून चाला.

दुसरं, हूकवर येणारं वजन. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या बॉलवर (हूकच्या गोळ्यावर) जो भार टाकतो तो. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपात कमी धरतात, ५ ते ७ च्या आसपास. तुमच्या केसमध्ये ७० ते १०० किलो धरा. हे कमी पडलं, म्हणजे सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलं, की ट्रेलर झोलायला लागलाच समजा. जास्त झालं तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. जड सामान चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवायचं. मोजायला घरचा वजनकाटा चालतो, ट्रेलर सपाटीवर आडवा ठेवून दांड्याखाली हूकच्या उंचीचा लाकडाचा ठोकळा काट्यावर ठेवायचा.

आता हेच एक्सयूव्ही ५०० ला लावा. मोनोकॉक बॉडी, म्हणजे खाली वेगळी चासिस नाही, आणि बहुतेक गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. मागे शंभर किलो टांगले की पुढची चाकं, म्हणजे जी ओढणार तीच, हलकी होतात. चिखलदऱ्याच्या चढावर पावसाळ्यात वळणावर ती फिरतात. गाडी वाईट नाही, पाच माणसांना शिर्डीला न्यायला छानच आहे, पण या कामासाठी नको. नवीन सफारी आणि हॅरियरचंही तेच, त्याही पुढच्या चाकांवर चालतात. जुनी सफारी स्टॉर्म वेगळी, ती लॅडर चासिसवरची (खाली शिडीसारखी वेगळी फ्रेम), मागच्या चाकांवर चालणारी रिअर व्हील ड्राइव्ह आहे, नावात गफलत करू नका.

तुमच्या बजेटमध्ये मी काय पाहीन: हेक्सा आणि स्टॉर्म. दोन्हीतलं २.२ व्हॅरिकॉर ४०० इंजिन म्हणजे १५६ पीएस ताकद आणि ४०० एनएम टॉर्क, हेक्साचं वजन सव्वादोन टनांच्या घरात, म्हणजे हजार किलोचा ट्रेलर तिला सहज ढकलू शकत नाही. फक्त व्हेरिएंट नीट पाहा, हेक्साच्या एक्सई मॉडेलला आणि २०१५ च्या शेवटापर्यंतच्या स्टॉर्मला ३२० एनएमवालं इंजिन आहे, विकणारा सरसकट "चारशे" म्हणून सांगतो. क्रिस्टा २.४ मॅन्युअल, ३४३ एनएम, एसयूव्ही म्हणत नाहीत तिला पण खाली लॅडर फ्रेम आहे आणि मागची चाकं ओढतात, या कामाला उत्तम. जुनी फॉर्च्युनर ३.० दणकट आहे यात वाद नाही, पण या बजेटमध्ये येणारी दहा वर्षांच्या पुढची असेल आणि नावाचे पैसे जास्त मोजावे लागतील. स्कॉर्पिओ ओढते पण उंच आणि हलती गाडी, मागे ट्रेलर लावल्यावर ते जास्त जाणवतं. एन्डेव्हर ३.२ म्हणाल तर ओढायला याच्यातली सगळ्यात भारी, २०० पीएस आणि ४७० एनएम, पण फोर्डनं २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, पार्टसाठी फिरायची तयारी असेल तरच.

इंटरनेटवर परदेशातले आकडे दिसतील. ऑस्ट्रेलियात हीच एन्डेव्हर एव्हरेस्ट नावानं विकली, तिथं ३.२ ला ३००० किलो ओढायची परवानगी होती. तो आकडा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरचा आहे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला तिथं त्याच गाडीला फक्त ७५० किलो. या दोन आकड्यांमधला फरक पाहा म्हणजे ब्रेकचं महत्त्व समजेल. आपल्याकडच्या मॅन्युअलमध्ये बरेचदा आकडाच नसतो किंवा ट्रेलर ओढू नका असंच लिहिलेलं असतं, ते पान सही करायच्या आधी वाचा. आणि बनवणाऱ्याला आजच फोन करून विचारा, ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहे का? म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर मागून रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक लागतात, साधी मेकॅनिकल गोष्ट आहे. नसेल तर बसवून घ्या, पंचवीसतीस हजार जास्त गेले तरी चालतील, गाडीत तेवढे कमी करा.

यवतमाळ_बोलेरो

एवढं काही नसते राजेहो. आमच्याकडं बोलेरोला मागे ट्रॉली लावून लोकं कापूस नेतात, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, काही होत नाही. ४-५ लाखांत बोलेरो घ्या, उरलेल्या पैशात दोन वर्षं फिरा. पार्ट कुठल्याही तालुक्याला भेटते, मेकॅनिक कुठल्याही गावाला भेटते. जंगलातल्या रस्त्यावर याच्यापेक्षा भरोशाची गाडी नाही.

अमरावतीरोड_७५

भाऊ, बोलेरोच्या भरोशाबद्दल मान्यच आहे, आणि पाट्यांचंही बरोबर, मागचा भार पाटे छान झेलतात. पण ट्रॉली शेतातून जिनिंगपर्यंत तीस-चाळीसच्या स्पीडनं जाते. इथं पाच माणसं, त्यात म्हातारी आई, आणि एनएच ४४ वर सत्तर-ऐंशीनं जायचं आहे, मागे डब्यासारखी उंच भिंत हवा खात येते. तिच्यापुढे बोलेरोची ७० च्या आसपास हॉर्सपॉवर कमी पडते, ओव्हरटेक करता येत नाही आणि ट्रक मागून चिकटतात. वेगाचंच सांगायचं तर ८० च्या ऐवजी १०० नं गेलात की ब्रेकला दीडपटीहून जास्त ताकद जिरवावी लागते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा असली तरी ट्रेलर मागे असताना ८० च्या वर जायचं नाही, डावी लेन धरायची.

आणि हे आत्ताच लिहून ठेवतो, ट्रेलर झोलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून सरळ करायलाही जाऊ नका. पाय उचलायचा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. मिसेस चालवणार असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

गॅरेज_हिंगणारोड

नमस्कार, माझं गॅरेज आहे, डिझेलचंच काम जास्त. वरच्या भाऊनं बरोबर सांगितलं. मी फक्त जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा काय पाहायचं ते सांगतो, कारण मॉडेल कोणतंही घ्या, ओढून दमलेली गाडी घेतली तं सगळं मुसळ केरात.

पयले गाडीच्या खाली झोपा. लाज वाटू देऊ नका, जुने कपडे घालून जा. मागच्या बंपरच्या आत चासिसच्या टोकाला वेल्डिंगच्या खुणा, नवीन भोकं, किंवा तेवढ्याच भागाला ताजा काळा रंग दिसला तं समजायचं की तिनं आधी काही तरी ओढलं आहे नाही तं मागून ठोकलेली आहे. मागच्या डिफरन्शियलला (मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा) तेल ओलं आहे का पाहा. गंज पाहा, मुंबई-कोकणातून आलेली गाडी असन तं चासिसच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा, पापुद्रे निघतात.

मॅन्युअल असन तं क्लच. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला एकदम अ‍ॅक्सिलरेटर द्या, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी त्या मानानं पळाली नाही म्हणजे क्लच घसरून राहिला. मग सदरच्या पुलावर नाही तं कुठंही चढावर थांबून पुन्हा उचला, थरथर लागली तं फ्लायव्हीलपण गेलं समजा, त्याचा खर्च बारका नसते. ऑटोमॅटिक असन तं गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं त्याचं बिल मागा, तेल काळं आणि जळका वास आला तं हात जोडून वापस या. ऑटोमॅटिक का मॅन्युअल विचारलं तं टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) ऑटोमॅटिक ट्रेलरला चांगलीच, चढावर उचलताना क्लच जळायचा प्रश्न नाही, पण तिचं तेल तापते, कूलर साफ पाहिजे. तुमच्या बजेटमध्ये जुनी, हिस्ट्री माहीत नसलेली ऑटोमॅटिक घेण्यापेक्षा चांगली मॅन्युअल घ्या, क्लच आपल्याकडं कोणीही बदलते.

तेल टाकायचं झाकण इंजिन चालू असताना उघडा. थोडी वाफ चालते, भकभक धूर येऊन झाकण उडायला लागलं तं इंजिन थकलं. इंजिन रात्रभर थंड असतानाच पहिला स्टार्ट तुमच्यासमोर झाला पाहिजे, तुम्ही पोचायच्या आधी गाडी गरम करून ठेवली असन तं दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.

आणि टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला घ्या. मे महिना असन तं त्याच्यासारखं सुख नाही. एसी फुल, पाच माणसं बसवून, कोराडीकडं आउटर रिंगरोडवर अर्धा तास. टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकला की रेडिएटर नाही तं फॅन क्लच गेलेला आहे. नागपूरच्या ४५ डिग्रीत नुसती गाडी तापत असन तं मागे हजार किलो लावल्यावर काय होईन.

टायरवर चार आकडे असतात, जसं २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी किती का असेना, सहासात वर्षं झालेला टायर काँक्रीटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात चालवू नका. ट्रेलरच्या टायरचंही हेच, त्याचं तं लोकं पाहतच नाहीत, उभ्या-उभ्या उन्हात सडून जाते.

हूक बंपरला किंवा नुसत्या क्रॉसमेंबरला (चासिसच्या आडव्या पट्टीला) वेल्डिंग करून घेऊ नका. दोन्ही बाजूच्या चासिसला प्लेट धरून हायटेन्साइल बोल्टनं. सोबत सेफ्टी चेन दोन, दांड्याच्या खालून क्रॉस करून, म्हणजे बॉल सुटला तरी दांडा जमिनीवर न पडता चेनवर झेलला जाते. लाइटचं कनेक्शन डायरेक्ट टेललॅम्पच्या वायरला जोडू नका, नवीन गाड्यांचं मॉड्यूल उडते, वेगळा रिले किट लावा.

सुटी_आणि_आम्ही

दादा, मी गाडीतलं तांत्रिक फार सांगणार नाही, पण तुमच्या पोस्टमधली महत्त्वाची गोष्ट कुणी बोललंच नाही, ती म्हणजे आईंचे गुडघे. ट्रेलर चालू असताना त्यात कुणीही बसायचं नाही, झोपायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी. म्हणजे आई सगळा प्रवास गाडीतच करणार. माझ्या सासूबाईंना आम्ही फॉर्च्युनरमध्ये चढवतो तेव्हा साइड स्टेप असूनही दोघांना धरावं लागतं, एक पाय वर, मग हँडल, मग ढकलणं, दर दोन तासांनी चहासाठी उतरायचं म्हटलं तरी त्या नको म्हणतात आणि मग पाणीच पीत नाहीत. क्रिस्टाची सीट त्या मानानं खाली आहे, मधल्या रांगेत कॅप्टन सीट असेल तर जवळपास खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं आणि मुलं मागून मधूनच पुढे येतात. शोरूममध्ये किंवा डीलरकडे जाताना आईंना सोबत न्या, त्यांना तीन-चार वेळा चढून-उतरून पाहू द्या. त्या ज्या गाडीत विनामदत बसतील तीच घ्या, बाकी सगळं त्याच्या नंतर.

दुसरं, जिथं मुक्काम करणार तिथं आधी फोन करा. ट्रेलर आत घेतात का, गेट किती रुंद आहे, वळायला जागा आहे का, १५ अँपिअरचा पॉइंट देतील का. जंगलाच्या आसपास कुठंही रस्त्याच्या कडेला ट्रेलर लावून रात्र काढायची कल्पनाही करू नका. पचमढीला छिंदवाडा-तामियावरून रस्ता सुंदर आहे पण मटकुलीनंतर घाट आहे, पहिल्याच सहलीला ते नको. सिल्लारीला जा, रस्ता मोठा आहे, घरापासून जवळ आहे, काही राहिलं-विसरलं तर रामटेक-मनसरला मिळतं. चिखलदऱ्याला आम्ही तर ट्रेलर परतवाड्यातच ओळखीच्या पेट्रोल पंपावर ठेवतो आणि वर नुसती गाडी नेतो.

मनीषनगर_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. ताई, गुडघ्यांचं तुम्ही बोललात आणि मी आईला आजच संध्याकाळी दोन ठिकाणी घेऊन गेलो. हेक्सात बसली, पण पाय उचलताना चेहऱ्यावर दिसलं. क्रिस्टात दरवाजा उघडला आणि स्वतःच बसून "चल आता" म्हणाली. एक्सयूव्हीवाल्याला नाही म्हणून कळवलं. बनवणाऱ्याशी पण बोललो, ट्रेलरला ब्रेक नव्हते, ओव्हररन ब्रेक लावून देतो म्हणाला, त्यानं डिलिव्हरी थोडी पुढे जाईल, चालेल.

आता क्रिस्टा २.४ मॅन्युअल दोन आहेत, एक एमएच ४९, म्हणजे नागपूरचीच पासिंग, जरा महाग. दुसरी दिल्ली पासिंग २०१७ ची, बरीच स्वस्त, डीलर म्हणते कागदपत्रं सगळी आम्ही करून देतो. घ्यावी का? आणि हूकचं आरटीओचं राहिलंच.

अमरावतीरोड_७५

दिल्लीत जुन्या डिझेलवर १० वर्षांचा निर्बंध लागला तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर निघतात, गाडी वाईट असतेच असं नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), इकडे नवीन नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा, हे सगळं जोडून बघा, वाचलेले पैसे बरेचसे तिथंच जातात. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, फायनान्स असेल तर बँकेचं क्लिअरन्स आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरल्याचा) पाहा, "करून देतो" यावर जाऊ नका. मी एमएच ४९ वाली घेईन, तिचा सर्व्हिस रेकॉर्ड इथल्या इथं तपासता येतो.

हूकचं असं आहे की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे, आणि २०१७ मध्ये केंद्रानं बुलबार-क्रॅशगार्डवर (बंपरपुढे लावतात त्या लोखंडी दांड्यांवर) कारवाई करायला सांगितलं तेव्हापासून मागे काही बाहेर आलेलं दिसलं की पोलीस थांबवतात. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स लागतो, ते बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. गाडीचं पासिंग ज्या ऑफिसचं आहे तिथं (एमएच ३१ असेल तर गिरीपेठ) हूक लावायच्या आधी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, इन्शुरन्स कंपनीलाही कळवा, नाही तर क्लेमच्या वेळी हाच मुद्दा काढतात. आणि बॉल काढता येईल असा घ्या, ट्रेलर नसताना मागे काही दिसायलाच नको.

गॅरेज_हिंगणारोड

एमएच ४९ वाली घेऊन या, मी खालून पाहून देतो, पैसे नको. फक्त आदल्या रात्री चालवू नका, इंजिन थंड असतानाच आणा, टो करून आणली तरी चालन. आणि मागच्या स्प्रिंग मूळच्याच ठेवा, कोणी हेल्पर स्प्रिंग टाका म्हणलं तं आधी काट्याची पावती मला दाखवा, वजन पाहून ठरवू.